कॅनकूनची ‘३ माणसं’ आणि तो फॉरवर्ड

गेल्या महिन्याभरात तो मेसेज मला चार ग्रुपवर आला, त्यातल्या दोन ग्रुपवर तर एकाच काकांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: मेक्सिकोतल्या कॅनकूनला १९७० साली फक्त ३ माणसं राहायची, बाकी वाळू आणि डास. सरकारनं काँप्युटरला विचारलं रिसॉर्ट कुठं बांधू, काँप्युटरनं कॅनकूनवर बोट ठेवलं. मग खासगी कंपन्यांनी शहर उभं केलं, स्थानिक मालामाल झाले, “आणि आपल्या कोकणात मात्र नुसता विरोध”. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

आता मी काही इतिहासकार नाही, पण दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिकडं आठवडाभर राहून आलोय, जायच्या आधी आणि आल्यावर बरंच वाचलंय, त्यामुळं हा मेसेज आला की हात शिवशिवतात. एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक चिकटवता येईल.

पहिलं म्हणजे ती ३ माणसं. गंमत अशी की आकडा थापेबाजी नाहीये. आज जिथं हॉटेलं आहेत तो ७ च्या आकाराचा वाळूचा लांबलचक पट्टा आहे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला निचुप्ते नावाचं खाजण, आणि त्या पट्ट्यावर तेव्हा नारळाच्या बागेचे तीन राखणदार राहायचे. पण पट्टा सोडून जरा बाजूला बघा की! पलीकडं प्वेर्तो हुआरेसला १९७० च्या सुमारास ११७ माणसं होती, समोर इस्ला मुहेरेस बेटावर मच्छीमारांचं नांदतं गाव होतं. जंजिऱ्यात कोणी राहत नाही म्हणून मुरुड ओसाड आहे असं म्हटल्यासारखं झालं हे.

आणि त्याच्याही आधीचं काय? हॉटेलांच्याच रांगेत, खाजणाच्या बाजूला एल रे नावाचे माया लोकांचे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे, जुने अवशेष आहेत. मी गेलो तेव्हा दुपारचं ऊन, माणूस जवळजवळ नाही, नुसत्या घोरपडीएवढ्या इग्वाना दगडी चौथऱ्यांवर पसरलेल्या, एक तर पायरीवरून हलायलाच तयार नव्हती, मीच वळसा घालून गेलो. मान वर केली की मागं हॉटेलांचे मजले दिसतात. इस्ला मुहेरेस म्हणजे बायकांचं बेट, १५१७ मध्ये स्पॅनिश लोक तिथं उतरले आणि त्यांना स्त्रीमूर्ती सापडल्या म्हणून ते नाव. जवळच्या कोसुमेल बेटावर इश्चेल देवीचं ठाणं होतं, लांबलांबून माया लोक होडीनं दर्शनाला यायचे, आणि त्यातलं एक बंदर, पोले, म्हणजे आजचं श्कारेत. तिथं १९९० पासून तिकीट काढून जायचा थीम पार्क आहे. म्हणजे बाहेरून माणसं येणं, राहणं, खाणंपिणं, होडीवाल्याला पैसे देणं हे त्या किनाऱ्याला नवीन नव्हतंच.

मग १९७० ला एवढं रिकामं का? तर त्याला कारणं आहेत. स्पॅनिश आल्यानंतर रोगराईनं माणसं मेली, नंतर १८४७ ला माया लोकांनी मोठा उठाव केला आणि पार १९०१ पर्यंत या जंगलात स्वतःचं राज्य चालवलं, सैन्यानं त्यांची राजधानी घेतली तेव्हा कुठं ते मोडलं. त्यानंतर इथं यायचे ते चिक्लेवाले, म्हणजे झाडाला तिरप्या खाचा मारून च्युइंगमचा चीक काढणारे. ते झाड कोणतं माहितीये? चिकू! आपण ज्याला डहाणू-घोलवडचा म्हणतो तो चिकू मूळचा तिकडचा. तर “नुसती वाळू आणि डास” असं म्हणायच्या आधी हे सगळं पुसायला लागतं.

दुसरा मुद्दा, काँप्युटर. ही गोष्ट तिकडचे गाइडसुद्धा सांगतात, ऐकायला भारी वाटते. पण खरं काम केलं बँको दे मेहिकोच्या, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेच्या माणसांनी. आंतोनियो एन्रीकेस साविन्याक नावाचा तरुण बँकर (पुढं पर्यटनमंत्री झाला) आणि त्याचे सहकारी, यांनी किनारे स्वतः फिरून पाहिले, हवामान, वादळं, पर्यटकांचे आकडे जमवले. आकडेमोड झाली असेलच, पण मूळ प्रश्न साधा होता: देशाला डॉलर हवेत. १९५९ नंतर क्युबा अमेरिकन टुरिस्टला बंद झालेला, आकापुल्को हे त्यांचं जुनं समुद्रकाठचं पर्यटनस्थळ आधीच भरलेलं, आणि शेजारच्या युकातान राज्यामधला घायपाताचा (दोरखंडाच्या धाग्याचा) धंदा नायलॉनसारख्या धाग्यांनी बसवलेला, त्यामुळं त्या भागात रोजगार द्यायचा होता. यात काँप्युटरनं काय सांगायचं! शिवाय याच योजनेतून इश्तापा, लोस काबोस, लोरेतो, हुआतुल्को ही किनाऱ्यावरची पर्यटनस्थळं पण निघाली. लोरेतोत आज किती गर्दी आहे ते बघून या. काँप्युटर एवढा हुशार होता तर पाचही ठिकाणी कॅनकून व्हायला हवं होतं ना.

तिसरा मुद्दा सगळ्यात उलटा आहे. “खासगी कंपन्यांनी उभं केलं.” अहो, सुरुवातीला हॉटेलवाले यायलाच तयार नव्हते. रस्ता, पूल, पाणी, वीज, विमानतळ, सगळं सरकारी. १९७१ मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेकडून सुमारे २ कोटी १५ लाख डॉलरचं कर्ज काढलं, १९७४ मध्ये फोनातुर ही सरकारी संस्था केली, पहिल्या हॉटेलांना पैसाही सरकारीच. त्याच साली कॅनकून ज्यात येतं त्या किन्ताना रो ला राज्याचा दर्जा मिळाला, तोवर तो केंद्रशासित प्रदेश होता. १९८१ ला तर सरकारनं तिथं उत्तर-दक्षिण (म्हणजे श्रीमंत आणि गरीब देशांची) शिखर परिषद भरवली, रेगन आले, थॅचर आल्या, आपल्या इंदिरा गांधीही होत्या. खासगी कंपन्या आल्या, भरपूर आल्या, पण ताट वाढून झाल्यावर.

स्थानिक मालामाल? इथं मी जरा जास्त बोलणार आहे. २०२० च्या जनगणनेत शहर जवळपास ९ लाखांचं भरलं, त्यातले बहुतेक बाहेरून आलेले, युकातान, ताबास्को, चियापासमधून. हॉटेलांच्या पट्ट्यावर ते राहत नाहीत, राहतात आत शहरात, सुपरमान्साना म्हणतात त्या नंबरवाल्या ब्लॉकांत, आणि त्याच्याही पलीकडं प्लॅनमध्ये नसलेल्या वस्त्यांत, कारण ज्यांनी शहर आखलं त्यांनी टुरिस्टचा हिशेब जेवढा केला तेवढा भांडी घासणाऱ्यांचा केला नव्हता. हॉटेलांच्या पट्ट्यावरून शहरात जाणाऱ्या आर-१ बसनं रात्री परत येताना माझ्या शेजारी युनिफॉर्ममधली एक बाई मांडीवर डबा घेऊन गाढ झोपलेली, बस वळली की डोकं खिडकीवर आपटायचं, तरी जाग नाही. आम्ही उतरून पालापास चौकात मार्केसिता खाल्ली, कुरकुरीत गुंडाळीत किसलेलं चीज आणि वर गोड सॉस, ऐकायला विचित्र आहे पण मी तीन खाल्ल्या. तिथं हातात हॉटेलचा पट्टा बांधलेला एकही टुरिस्ट दिसला नाही, साहजिक आहे, ऑल-इन्क्लुसिव्हवाला, म्हणजे हॉटेलच्या पैशातच जेवणखाण मिळालेला, बाहेर कशाला जेवेल. मोठ्या हॉटेल साखळ्यांपैकी कितीतरी स्पेनच्या. मालामाल झाले ते कोण, हे मेसेजवाल्यानं एकदा नावानिशी सांगावं. पगार मिळतो, घरं चालतात, हे खरंच आहे, मी नाही म्हणत नाही.

वादळांचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही. १९८८ ला गिल्बर्ट, २००५ च्या ऑक्टोबरमध्ये विल्मा, ती तर त्या किनाऱ्यावर मुक्कामालाच बसली होती. वाळूचे ढीग आणि कांदळवन काढून त्यावर मजले चढवले होते, विल्मानं वाळूच ओढून नेली, मग समुद्राच्या तळातून उपसून परत भरली, ती वाहून गेली, मग काही वर्षांनी परत भरली. जो किनारा फोटोत दिसतो तो असा विकत आणलेला आहे.

राहता राहिलं कोकण. सिंधुदुर्ग १९९७ लाच पर्यटन जिल्हा जाहीर झालाय, तिथल्या चिपी विमानतळावरून प्रवासी सेवा २०२१ मध्ये सुरू झाली. या मधल्या २४ वर्षांना “विरोध” असं एका शब्दात गुंडाळायचं असेल तर गुंडाळा, पण मग कॅनकूनला मेक्सिकोच्या सरकारनं कर्ज काढून आधी नळ टाकले होते तेही फॉरवर्डमध्ये घाला.

मेसेजसोबतच्या फोटोत पाणी निळंशार आहे, किनारा पांढराशुभ्र. मी होतो तेव्हा सकाळी साडेपाचला बाहेर आलो तर सगळा काठ सारगासमनं तपकिरी, हे समुद्री शेवाळ २०११ नंतर लाटालाटांनी येतंय आणि सडलं की अंड्यासारखा वास मारतं. टुरिस्ट उठायच्या आत माणसं दाताळ्यानं ते ओढून ढकलगाडीत भरत होती. मी मोजली, एका हॉटेलसमोर चौदा होती.