'बोर्ड छान, मेनूकार्ड वाचता येत नाही' या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. आम्ही केलेला बोर्ड रस्त्यापलीकडून उठून दिसतो, पण आम्हीच छापलेलं मेनूकार्ड गिऱ्हाइकांना वाचता येत नाही. 'भाकऱ्या' चुकीचं छापलंय. आणि फॉन्ट फुकट मिळतो तर अक्षरांचे वेगळे पैसे कसले, असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या दोन्हींत चूक आमची आहे. माफ करा.

नौपाड्यात आमच्या दुकानी आलात तेव्हा तुम्ही मोबाइलवर गुबगुबीत, गोल कोपऱ्यांची इंग्रजी अक्षरं दाखवली होती, 'मराठीत असंच जुन्या वळणाचं हवं' म्हणून. ते कूपर ब्लॅक, शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपर यांचं १९२२ सालचं अक्षर. ते शोभतं मथळ्याला, पाटीला. त्याच अंगाचं जाड देवनागरी अक्षर बोर्डाला घेतलं, ते बरोबरच होतं. पण हौसेच्या भरात मी तेच मेनूवरही उतरवलं. 'ध' आणि 'भ' यांची शिरोरेषा डावीकडे उघडी असते. बोर्डावर ती फट दोन बोटांची आहे. मेनूत ११ पॉइंटच्या बारीक आकारात ती शाईने बुजली. म्हणून शेजारच्या आजोबांनी 'घपाटे' आणि 'मरीत' वाचलं. कार्ड हातात धरून पाहिलं, तर मलाही तेच दिसलं. नाटकाच्या जाहिरातीत नाव अक्षरकार कमल शेडगे यांच्या हातचं असायचं आणि खाली प्रयोगाची वेळ साध्या टायपात. लहानपणापासून हे पाहत आलोय, तरी या कामात विसरलो.

'भाकऱ्या' तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर अचूक पाठवलं होतं. आमच्याकडे मजकूर पुन्हा टाइप झाला, 'ऱ'च्या जागी साधा 'र' पडला आणि 'य'च्या डोक्यावर रफार चढून 'भाकर्या' झालं. प्रूफ तुम्हाला दाखवलं होतं हे खरं, पण शुद्धलेखन तपासणं आमचं काम. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरक ज्या भाषेत एवढ्याशा खुणेवर उभा आहे, तिथे हे चालवून घेता येत नाही.

पैशांचं मात्र मला पटत नाही. फॉन्ट खुल्या परवान्याचा होता, त्याचा एक रुपयाही तुमच्या बिलात नाही. तुमच्या नावात दोन वेलांट्या लागोपाठ येतात. जाड अक्षरात दुसरीची कमान पहिल्या अक्षराच्या कान्यावर आदळत होती. ती कमान बुटकी केली, शिरोरेषा पातळ केली, जोडाक्षर तर नव्यानेच काढलं. बोर्डाच्या फोटोत दुसरी वेलांटी नीट पाहा आणि मूळ फॉन्टमध्ये तेच नाव टाइप करून शेजारी ठेवा. फुकटच्या फॉन्टमध्ये ते तसं येत नाही. या कामाचे पैसे घेतले आणि ते रास्त होते असं मला वाटतं.

दोनशे मेनूकार्डं आम्ही स्वखर्चाने पुन्हा छापून देतो. वर तुमचं नाव बोर्डाच्याच अक्षरात राहील. पदार्थ आणि भाव साध्या, मोकळ्या अक्षरात, १४ पॉइंटला. कागदावरचं प्रूफ घेऊन मी स्वतः तुमच्या दुकानी येतो. ते आजोबा असतील अशी वेळ सांगा, त्यांच्याकडून वाचून घेऊ आणि मगच छपाईला देऊ. मधल्या काळात कुठल्या पदार्थाचा भाव बदलला असेल तर तोही आताच कळवा, त्याच छपाईत होऊन जाईल.