सिंकखालचं कोण बघतंय?

संध्याकाळपासून डोकं तापलंय. लिहून टाकल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहितेय.

धाकट्या बहिणीने तळेगावला वन बीएचके घेतलाय. हप्ता सुरू झालाय, जुन्या घराचं भाडंही अजून चालू आहे, त्यामुळे पै-पै मोजून चाललंय. आज तिच्याबरोबर मॉड्युलर किचन बघायला एका शोरूममध्ये गेले. एसी, कॉफी, लालभडक अ‍ॅक्रिलिकची शटर्स, बोटाने ढकललं की आपोआप हळूच मिटणारे ड्रॉवर. बहीण हरखूनच गेली. मी मात्र वाकून सिंकखालचं शटर उघडलं आणि विचारलं, "हा शटरमागचा कपाटाचा बॉक्स कशाचा आहे?" तो मुलगा म्हणाला, "इंजिनिअर्ड वूड, मॅडम." म्हटलं, म्हणजे नक्की काय? भुशाचा पार्टिकल बोर्ड, लाकडाच्या बारीक तंतूंचा एमडीएफ की ओलावा जास्त सोसणारा एचडीएचएमआर? तर हसून म्हणतो, "मॅडम, सिंकखालचं कोण बघतंय? सगळे शटरच बघतात."

मी बघते रे बाबा. रोज बघते. कचऱ्याचा डबा तिथे, ओली फडकी तिथे, भांड्यांचा साबण तिथे. ज्या घरात रोज स्वयंपाक होतो, त्या घरातली बाई दिवसातून दहा वेळा तिथेच वाकते.

माझं किचन आम्ही २०१९ मध्ये केलं. एक लाख साठ हजार मोजले होते, त्यातले निम्मे सोसायटीतून कर्ज काढून. तिसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. कचऱ्याचा डबा काढायला सिंकखालचं शटर ओढलं आणि ते बिजागरीसकट माझ्या हातात आलं. स्क्रू निघाले ते भुसा घेऊनच. तळाची फळी दाबून पाहिली तर चहात बुडवलेल्या टोस्टसारखं बोट आत गेलं. गॅस बंद करायचंही सुचेना, तशीच शटर हातात धरून उभी राहिले.

फोन केला तर उत्तर काय? "पाणी लागलं असेल तर वॉरंटीत बसत नाही." अहो, ते सिंक आहे! पाणी तिथेच येणार. सिंकखाली पाणी चालत नाही असा बॉक्स सिंकखाली बसवलात कशाला?

नंतर कळलं, पाणी शिरलं होतं ड्रेनेजच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकातून. बोर्डाच्या दोन्ही अंगांना लॅमिनेट, कडांना पट्टी, सगळं गुळगुळीत. पण पाइपसाठी जागेवर भोक पाडलं तिथली कड तशीच उघडी. पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबून चिकटवलेला लाकडाचा भुसाच. पाणी प्यायला की फुगतो, आणि एकदा फुगला की परत बसत नाही. त्या भोकाला बोटभर सिलिकॉन लावलं असतं तरी चार वर्षं जास्त निघाली असती.

तर आज तोच बॉक्स बहिणीच्या गळ्यात मारत होते. कोटेशन हातात दिलं, त्यात शटरच्या रंगाबद्दल आणि हँडलबद्दल अकरा ओळी, आणि आतल्या बॉक्सबद्दल दोन शब्द, "प्रीमियम बोर्ड". वर बिल्डरने दिलेला ओटा तोडायचा म्हणे! चांगला ग्रॅनाइटचा ओटा, खाली कडप्प्याच्या उभ्या फळ्या. तो तोडायचा, राडारोडा फेकायला पैसे द्यायचे आणि त्या जागी भुशाचे बॉक्स बसवायचे. शिवाय पन्नास टक्के अ‍ॅडव्हान्स आजच, कारण ऑफर आजच संपते.

ट्रॉल्यांचं तर विचारूच नका. लोहचुंबक लावून दाखवला. "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४ स्टील." अहो, २०२ नावाच्या हलक्या प्रतीच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही! त्यात निकेल कमी असतं, म्हणून ते स्वस्त पडतं आणि ओलाव्यात, मिठाच्या पाण्यात लवकर गंजतं. फरक चुंबकाने कळत नाही. बिलावर ३०४ लिहून द्या म्हटल्यावर तो मुलगा मॅनेजरला शोधायला गेला.

आता कुणी म्हणेल, सगळेच शोरूमवाले तसे नसतात. नसतील. मशीनवर कापलेली, मशीननेच कड लावलेली फळी घरी बसून कापलेल्या फळीपेक्षा साफ येते, हेही मान्य. वरच्या कोरड्या कपाटांना बोर्ड चालतोही. पण मग तसं सांगा ना! वर बोर्ड, खाली प्लाय, हा एवढा फरक पडेल. माणूस ठरवेल त्याचं तो.

माझं किचन शेवटी ज्या मिस्त्रींनी सावरलं, त्यांच्याकडे परत येताना बहिणीला घेऊन गेले. लिहिताना आत्ता जरा शांत वाटतंय ते त्यांच्या आठवणीने. त्या वेळी आले, सिंकखाली उकिडवे बसले, फुगलेल्या फळीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "वहिनी, इथं लाकूड कशाला? दगड घालू." सिंकखालचा अख्खा बॉक्स काढला, तळाला आणि दोन्ही बाजूंना कडप्पा बसवला, पुढे मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं शटर. नऊ हजारांत काम झालं. त्याला आता कितीतरी पावसाळे झाले. मधे एकदा पाइप निसटून रात्रभर पाणी साचलं होतं. सकाळी फडक्याने पुसून घेतलं, संपलं.

आज त्यांनी बहिणीला प्लाय कसा बघायचा ते दाखवलं. कोपऱ्यातली फळी उभी केली, कड उजेडात धरली, थरांमध्ये कुठे फट आहे का ते नखाने चाचपलं. मग त्यावरचा शिक्का दाखवला. आयएसआयचा मार्क, वर ७१० हा आकडा, खाली लायसन्स नंबर. ७१० म्हणजे मरीन, बहात्तर तास उकळत्या पाण्यात टिकायला हवा असा. ३०३ चा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) म्हणजे साधा कमर्शियल. दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही. नुसतं "वॉटरप्रूफ" छापलेलं असेल तर हात लावायचा नाही, म्हणाले.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून बहिणीचा चेहरा बघण्यासारखा झाला. बिल्डरचा ओटा तसाच ठेवा. कडप्प्याच्या फळ्या आहेतच, त्यांनाच चॅनल ठोकून ३०४ च्या ट्रॉल्या बसवतो, पुढे फक्त शटर. खाली बॉक्स नकोच! खर्च शोरूमच्या निम्म्याहून कमी. आपल्या आया-मावश्यांची स्वयंपाकघरं अशीच तर होती. कडप्प्याचे कप्पे, पुढे पडदा नाहीतर साधी दारं. साताऱ्याला आईच्या ओट्याखालचा कडप्पा मी शाळेत असल्यापासूनचा आहे.

मिस्त्री वेळ पाळत नाहीत, फोन उचलत नाहीत, हे खरंय. माझ्याकडेही चार दिवसांचं काम अकरा दिवस चाललं होतं. चालेल.

रविवारी ते माप घ्यायला जाणार आहेत. आत्ता नऊ वाजता बहिणीचा फोन आला होता. जरा घाबरतच म्हणाली, "ताई, सगळं तू म्हणशील तसं करू, पण शटर मला लालच हवीत गं."

म्हटलं, लालच घे.