बाळ झाल्यावरचं ते इंजेक्शन नाकारू नका

‘बाळंतिणीसाठी आजीचे सात नियम’ हा मेसेज पेठेतल्या ग्रुपवर फिरत होता तोवर मी काही बोलले नाही. आता तो माझ्या भाचीला तिच्या सासूबाईंनी पाठवलाय, खाली ‘आपल्याकडं असंच करायचं’ असं लिहून. पोरीला आठवा महिना आहे. लेबर रूममध्ये नोकरी केलेल्या मला आता गप्प बसवत नाही.

सगळ्यांत घातक चौथा नियम. ‘बाळ झाल्यावर सिस्टर मांडीत इंजेक्शन देतात, ते घेऊ नका. बिल वाढवायला देतात. त्यानं घाण रक्त आत अडकतं. पोटही दाबू देऊ नका. जेवढं जाईल तेवढं जाऊ द्या.’

जाऊ द्या? बाळामागून वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी गादी, सुटली की ती चिकटलेल्या जागी रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती मिटतात गर्भपिशवी आवळली की. पिशवी सैल राहिली तर रक्त धो धो जातं आणि बघता बघता बाई पांढरीफटक पडते. ते इंजेक्शन ऑक्सिटोसिनचं असतं, पिशवी आवळायला लावणारं. प्रत्येक बाळंतपणानंतर १० युनिट द्यावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. प्रत्येक म्हणजे धडधाकट बाईलासुद्धा, कारण कुणाची पिशवी सैल पडेल हे आधी सांगता येत नाही. जगभरात बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांच्या मृत्यूचं सगळ्यांत मोठं कारण अतिरक्तस्राव हेच आहे. अंगात रक्त आधीच कमी असेल तर थोडं जास्त गेलेलंही झेपत नाही. सिस्टर पोटाला हात लावते तीही पिशवी घट्ट आहे का ते बघायला. दुखतं, माहीत आहे. तरी बघू द्या.

आणि बिल कसलं? सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियन, औषधं सगळं मोफत आहे. आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातही हे इंजेक्शन देतातच की.

बाळंतपणानंतर अंगावरून जातं आणि ते जायलाच हवं, एवढं त्या मेसेजमधलं खरं. काही आठवडे जातं, हळूहळू फिकं होत जातं. पण तासाभरात पॅड पूर्ण भिजला, मोठ्या गाठी पडल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कुणाची वाट न बघता १०८ ला फोन करायचा.

‘पहिले तीन दिवस चीक पिळून टाका, बाळाला मध चाटवा.’ चिकात, म्हणजे आईच्या पहिल्या घट्ट दुधात, बाळाला आजारांपासून जपणारे घटक असतात, तोच टाकायचा? पहिल्या तासातच छातीशी धरायचं. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जंतूंमुळे बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो, त्यात अंग लुळं पडतं.

‘पाच दिवस पाणी नको, पोट सुटतं.’ पाण्यानं पोट सुटत नाही. तहान मारली की लघवीला जळजळतं, शौचाला खडा होतो आणि टाक्यांवर ताण येतो. ‘लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं.’ शौच काळी होते, बाळाचा रंग बदलत नाही. गरोदरपणात १८० दिवस आणि नंतरही १८० दिवस घ्यायच्या.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मटणाचं अळणी यांबद्दल माझं काही म्हणणं नाही, खुशाल द्या. तेल लावून अंग रगडायचं तर टाके आणि पोट सोडून, सिझेरियन असेल तर डॉक्टरांना विचारून.

राहिली बाळ-बाळंतिणीला शेक द्यायची कोळशाची शेगडी. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत ती पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, त्यामुळे कुणाला कळतही नाही आणि आई-बाळ दोघं झोपेतच गुदमरू शकतात. ऊब द्यायचीय तर बाळाला टोपी घाला आणि आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून दुपटं पांघरा.