पंधरा देश म्हणजे संत्र्याच्या फोडी नव्हेत

‘सोव्हिएत संघ म्हणजे संत्रं. साल निघाली आणि पंधरा फोडी सुट्या झाल्या. एका रात्रीत पंधरा देश, दुसऱ्या दिवशी प्रत्येकाची स्वतःची नोट, एकच भाषा, परके आपापल्या घरी, रक्ताचा थेंब नाही. आपल्याला मात्र 1947 पासून जमलं नाही.’

हा मजकूर नागपुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. फिरू दिला असता. पण भाच्याने तो स्पर्धा परीक्षेच्या वहीत उतरवून घेतला, खाली दोन रेघा मारून. आता गप्प बसणं शक्य नाही.

‘एका रात्रीत’ चटकन निकाली काढू. लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं 11 मार्च 1990 ला, कझाकस्तानने 16 डिसेंबर 1991 ला. रात्र एकवीस महिन्यांची होती.

खरा विनोद नोटांचा आहे. दुसऱ्या दिवशी कुणाकडेही स्वतःचं धड चलन नव्हतं, सगळीकडे रूबलच. रूबल छापायचे कारखाने रशियात, पण कर्ज वाटायची मुभा प्रत्येक देशाच्या मध्यवर्ती बँकेला. एकत्र कुटुंबाचं एकच खातं आणि प्रत्येक भावाकडे वेगळं चेकबुक, असा प्रकार. जो जास्त चेक फाडेल त्याच्या कारखान्यांना माल मिळणार, महागाई मात्र सगळ्यांच्या पानात वाढली जाणार. रशियातच 1992 या एका वर्षात भाव पंचवीस पटींच्या वर गेले. तिकडे बाकीच्यांकडे रोख नोटांचा दुष्काळ, म्हणून युक्रेनसारख्या देशांनी कुपनं छापून वेळ मारून नेली.

यातून नीट बाहेर पडला तो एस्टोनिया, हे कबूल. 20 जून 1992 ला क्रून हे त्याचं स्वतःचं चलन आलं. कसं आलं ते मात्र फॉरवर्डवाल्यांना ठाऊक नसावं. नोटा परदेशात छापून घेतल्या. रहिवाशांची नावं आधीच नोंदवली. माणशी 1500 रूबलपर्यंत दहाला एक या दराने बदलून द्यायचे, तेही तीन दिवसांत. मर्यादा नसती तर शेजारच्या देशांतले रूबल पोत्यांनी आत आले असते. शिवाय 8 क्रूनला 1 जर्मन मार्क हा दर बांधून टाकला आणि तेवढी गंगाजळी असल्याशिवाय नवी नोट काढायची नाही, असा नियम घातला. ही गंगाजळी आली कुठून? मोठा भाग म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधीच्या एस्टोनियाने परदेशी बँकांत ठेवलेलं सोनं, ते परत मिळालं. ज्याच्याकडे आजोबांचं सोनं आहे त्याची गोष्ट सगळ्यांना लावू नये, राजेहो.

उशीर करणाऱ्यांचं काय झालं ते बघा. जुलै 1993 मध्ये रशियाने जुन्या नोटा एकाएकी रद्द केल्या. त्या नोटा जिथे अजून चालत होत्या तिकडे धावल्या, म्हणजे कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात. तिथल्या दुकानांतला माल उचलला गेला, मागे कागद उरला. कझाकस्तानने इंग्लंडमध्ये छापलेला टेंगे, म्हणजे आपलं नवं चलन, 15 नोव्हेंबर 1993 ला घाईने बाजारात आणला, 500 रूबलला एक. ताजिकिस्तानला 1995 उजाडलं. युक्रेनमध्ये 1993 ची महागाई दहा हजार टक्क्यांच्या वर गेली. 1996 मध्ये तिथे रिव्निया हे नवं चलन आलं तेव्हा एक लाख जुन्या कार्बोवानेत्सांचा, म्हणजे त्याच कुपनांचा, एक झाला. जॉर्जियात तर दहा लाख कुपनांची एक लारी.

आणि हे फक्त तिकडचंच नाही. पाकिस्तान झाल्यावर तिथली मध्यवर्ती बँक म्हणून 30 जून 1948 पर्यंत आपली रिझर्व्ह बँकच काम करत होती. 1948 मध्ये त्यांच्याकडे ज्या नोटा चालल्या त्या नाशिकला छापलेल्या आपल्याच, वर पाकिस्तान सरकारचा शिक्का.

आता भाषेचा मुद्दा. हा नुसता चूक नाही, घातक आहे, कारण त्याच्या शेपटीला ‘आपणही असंच करायला हवं होतं’ हे लटकवलेलं आहे. 1989 ची शेवटची सोव्हिएत जनगणना उघडून बघा. कझाकस्तानात कझाक सुमारे 40 टक्के आणि रशियन 38. लात्वियात लात्वियन 52. मोल्दोव्हात मोल्दोव्हन 64 च्या आसपास. अशा घरात ‘एकच भाषा’ म्हणजे निम्म्याअर्ध्या लोकांना दाराबाहेर उभं करणं.

मोल्दोव्हाने 31 ऑगस्ट 1989 ला मोल्दोव्हनला राज्यभाषा करणारा भाषा कायदा केला आणि लिपी रोमन केली. वर्षभरात द्निस्तर नदीपलीकडच्या पट्ट्याने वेगळं झाल्याचं जाहीर केलं, 1992 मध्ये लढाई झाली, आणि तो पट्टा आजही राजधानी किशिनाऊच्या हातात नाही. भाषा हे एकमेव कारण नव्हतं; तिथे रशियन फौज होती, कारखान्यांचे साहेबलोक होते. पण ठिणगी कायद्याचीच. त्याच देशात दक्षिणेला गागाउझ लोकही फुटायला निघाले होते. त्यांना डिसेंबर 1994 मध्ये स्वायत्तता आणि तीन भाषांना मान्यता दिली. ते देशातच राहिले. कझाकस्ताननेही 1995 च्या राज्यघटनेत कझाक ही राज्यभाषा ठेवून सरकारी कामात रशियन बरोबरीने चालेल असं लिहिलं. मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांच्या प्रांताची राजधानी राहिलेल्या नागपूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, याचंच नवल.

‘परके घरी गेले’: कझाकस्तानातून लाखो रशियन गेले, हे खरं. पण लात्वियात नागरिकत्व 1940 आधीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांनाच आपोआप मिळालं. सुमारे सात लाख लोक तिथेच राहिले, घरदार तेच, फक्त मतदानाचा हक्क नाही. शेजारच्या लिथुआनियाने जवळपास सगळ्या रहिवाशांना नागरिकत्व खुलं केलं.

‘रक्ताचा थेंब नाही’ यावर काय बोलायचं? ताजिकिस्तानातलं यादवी युद्ध 1992 ते 1997 चाललं. काराबाख, अबखाझिया, दक्षिण ओसेशिया इथेही युद्धं झाली; ही नावं नकाशात शोधली तरी पुरे.

आणि त्या सुट्या झालेल्या फोडी? मध्य आशियातल्या फरगाना खोऱ्यात किरगिझस्तान आणि ताजिकिस्तान यांच्यात कुठला कालवा कुणाचा, कुठला रस्ता कुणाचा यावर 2022 पर्यंत गोळीबार होत होता. दोघांच्या सीमेचा करार झाला 13 मार्च 2025 ला. वहीत ही तारीखही उतरवून घे म्हणावं, तिच्याखालीही दोन रेघा.