लंडी कोतलमध्ये ‘सरकारच नव्हते’ का?

पाकिस्तानातल्या खैबर खिंडीतील लंडी कोतल तहसिलीविषयी एक मजकूर हातोहात पसरला आहे. इथल्या पठाणांवर कोणालाही राज्य करता आले नाही, सरकार नव्हतेच, निवाडे लोकांच्या जिरगेत, म्हणजे टोळीतल्या वडीलधाऱ्यांच्या सभेत, होत आणि मतदान त्यांनाच नको होते, असा त्याचा आशय. शिनवारी आणि आफ्रिदी या इथल्या पठाण टोळ्यांच्या शौर्याचे कौतुक करण्याच्या भरात हा मजकूर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलेली राजवटच पुसून टाकतो, म्हणून त्याचे खंडन आवश्यक आहे.

कोणाचे राज्य नव्हते, हे विधान इतिहासाला धरून नाही. 1879 मध्ये इंग्रज आणि अफगाणिस्तान यांच्यात झालेल्या गंडमक तहाने खिंडीचा ताबा इंग्रजांकडे गेला, रॉबर्ट वॉर्बर्टन या इंग्रज अधिकाऱ्याकडे तिथला राजकीय कारभार आला आणि वाट सुरक्षित राखण्यासाठी टोळ्यांना तनखे सुरू झाले. ऑगस्ट 1897 मध्ये आफ्रिदींनी लंडी कोतलचा किल्ला जिंकला, हे खरेच. परंतु आफ्रिदींविरुद्धच्या तिराह लष्करी मोहिमेनंतर इंग्रज तिथे पुन्हा आले आणि 1925 मध्ये त्यांनी तिथपर्यंत रेल्वे नेली.

जिरग्याविषयीचा दावा सर्वांत दिशाभूल करणारा आहे. पख्तुनांची परंपरागत जिरगा वेगळी आणि इंग्रजांनी सरहद्दीसाठी केलेल्या 1901 च्या ‘फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन’ या कायद्याखालची जिरगा वेगळी: या दुसरीचे सदस्य सरकारी अधिकारी नेमत असे, तिचा निष्कर्ष त्याच्यावर बंधनकारक नसे आणि शिक्षा तोच सुनावत असे. कबायली एजन्सीत, म्हणजे टोळ्यांच्या प्रशासकीय विभागात, हा अधिकारी म्हणजे पोलिटिकल एजंट. प्रशासन, पोलीस आणि न्याय या तिन्ही सत्ता त्याच्या एका हातात होत्या, त्याच्या हाताखाली तहसीलदार आणि खस्सादार (टोळ्यांतून घेतलेले शिपाई) होते, आणि मर्जीतल्या मलिकांना, म्हणजे टोळीप्रमुखांना, भत्ते मिळत. एकाने गुन्हा केला तर त्याच्या टोळीतल्या इतरांना अटक करण्याची, मालमत्ता जप्त करण्याची, सगळ्या टोळीची नाकेबंदी करण्याची मुभा याच कायद्याने दिली होती. सोळा वर्षांखालील मुले, स्त्रिया आणि पासष्टीपुढचे वृद्ध यांना अशा सामूहिक अटकेतून वगळायला 2011 साल उजाडावे लागले. पाकिस्तानच्या राज्यघटनेचे कलम 247 उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे दारही बंद ठेवत होते. जमीनमहसूल घेतला जात नव्हता आणि सामान्य न्यायालये नव्हती एवढ्यावरून सरकारच नव्हते म्हणणे, म्हणजे बेबंद सत्तेला स्वातंत्र्य समजणे होय.

मतदानाचे तर उघडच आहे. 1997 च्या निवडणुकीपूर्वी मत फक्त मलिकांना होते. सामान्य माणसाला विचारलेच नव्हते, मग त्याने नाकारले कधी? राजकीय पक्षांना तिथे अधिकृतपणे काम करण्याची परवानगी 2011 मध्ये मिळाली.

मे 2018 मधील पंचविसाव्या घटनादुरुस्तीने हा भाग खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन झाला, कलम 247 रद्द झाले, आणि जुलै 2019 मध्ये लंडी कोतलच्या मतदारांनी प्रथमच प्रांतिक विधानसभेसाठी मत दिले.