ग्रिल टाकून देण्याआधी त्याची पेटी बघा

आमच्या मागच्या अंगणातला गॅस ग्रिल 2009 साली घराबरोबरच आला. आधीच्या मालकांना तो नव्या जागी न्यायचा नव्हता आणि तेव्हाही तो काही नवा नव्हता. न्यू जर्सीचे इतके हिवाळे अंगावर घेऊन तो उभा आहे. यंदा मेमोरियल डेच्या, म्हणजे मेअखेरच्या सुट्टीच्या, आदल्या संध्याकाळी पेटवला, तर ज्योत बोटभरही वर येईना. पंधरा मिनिटं झाली तरी झाकणावरचा काटा 200 अंश फॅरनहाइटपुढे सरकला नाही. नवरा म्हणाला, "बास झालं आता, सेल लागलेत, उद्या नवीन घेऊन येऊ." एक तीन बर्नरचा त्याने बघूनही ठेवला होता, 549 डॉलरचा.

मी नाही म्हटलं. कारण सांगते.

आमच्या स्वयंपाकघरात काचेची इलेक्ट्रिक शेगडी आहे. इथे आलेल्या आपल्यापैकी अनेकींच्या घरी तीच असते. तिच्यावर वांगं भाजता येत नाही. ओव्हनमध्ये वांगं शिजतं, मऊ होतं, पण भाजत नाही. मी जळगावची. आमच्याकडे हिवाळ्यात शेतात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यावर हिरवी, पांढरट, हातभर वांगी भाजतात आणि ते भरीत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीशी खातात. तो वास न्यू जर्सीत मला एकाच ठिकाणी मिळाला, या ग्रिलच्या झाकणाखाली. गॅसवर काड्यांचा धूर नसतो हे मान्य, पण साल करपते, आतलं पाणी आटतं, आणि घरातला स्मोक अलार्म बोंबलत नाही. माझ्या लेकीला भरीत या शब्दाबरोबर हाच ग्रिल आठवतो. त्यामुळे तो नुसता जुना झाला म्हणून रस्त्याच्या कडेला ठेवायला माझं मन तयार नव्हतं. पण मनाचं सोडा, मला आधी बिघाड काय आहे ते कळायला हवं होतं.

पहिला बिघाड तर बिघाडच नव्हता. सिलिंडरचा कॉक झटकन पूर्ण उघडला, किंवा ग्रिलची बटणं चालू असतानाच उघडला, की आतल्या सुरक्षा यंत्रणेला वाटतं की नळी कुठेतरी फुटली. मग ती गॅस जवळजवळ बंद करते आणि थोडाच सोडते. ज्योत मंद राहते आणि माणसाला वाटतं ग्रिल मेला. उपाय एवढाच: सगळी बटणं बंद करा, सिलिंडर बंद करा, नळी सोडवा, मिनिट-दोन मिनिटं थांबा, परत जोडा आणि कॉक अगदी हळू उघडा. मग बटणं. आमचा काटा या एवढ्याने 450 वर गेला. दुकानात जाऊन नवीन ग्रिल आणणाऱ्यांपैकी कितीजणांचा जुना एवढ्यानेच सुरू झाला असता, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

खरा बिघाड त्यानंतर दिसला. मधल्या बर्नरची ज्योत निळी नव्हती, पिवळी आणि लोंबती होती. म्हणजे गॅसमध्ये हवा नीट मिसळत नव्हती. सिलिंडर बंद करून, सगळं थंड झाल्यावर जाळ्या काढल्या. त्यांच्याखाली उलट्या पन्हाळीसारख्या पत्र्याच्या पट्ट्या असतात, थेंबणारी चरबी बर्नरवर पडू नये म्हणून. त्यातल्या दोन हातातच मोडल्या. बर्नरची भोकं गंजून एकमेकांत मिसळली होती. आणि बर्नरच्या नळीच्या तोंडाशी, जिथून हवा आत जाते तिथे, कोळ्याचं जाळं. हे कुठल्याही गॅस ग्रिलला होऊ शकतं, विशेषतः हिवाळाभर पडून राहिला की. जाळं साचलं की गॅस पुढे न जाता मागे येतो आणि बटणांपाशी पेटू शकतो. दर वसंतात आधी ते तोंड बघा, कृपा करून.

आई व्हिडिओ कॉलवर होती. तिला सगळं दाखवलं. ती म्हणाली, "अगं, हा तर आपला स्टोव्हच की. पिन मारून बघितलीस का?" रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. तिचं निदान बरोबर होतं, फक्त एक फरक सांगते. बर्नरच्या नळीची भोकं तारेने मोकळी केलेली चालतात, पण ज्यातून गॅस येतो त्या पितळी तोटीच्या भोकात तार घालू नका. ते भोक नेमक्या मापाचं असतं. मोठं झालं तर ज्योतीचं गणित बिघडतं.

मग तिने विचारलं, "पेटी शाबूत आहे ना?"

माझ्या मते प्रश्न हाच आहे. वय किती, झाकणाचा रंग किती उडाला, चाक तुटलं का, हे सगळं दुय्यम. बर्नर ज्यात बसतात ती पेटी आणि तिला उचलून धरणारा सांगाडा धड असेल तर बाकी सगळं बदलता येतं. आमची पेटी ओतीव अ‍ॅल्युमिनियमची आहे, ती गंजत नाही. खरवडून काळा थर काढला तर खालून धातू जसाच्या तसा निघाला. झाकणाच्या आतून पापुद्रे पडतात ते बघून लोक घाबरतात, रंग जेवणात पडतोय म्हणतात. बहुतेक वेळा तो रंग नसतो, साचलेली चरबी आणि धूर जळून झालेला कोळसा असतो. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला की निघतो.

माझ्या दिरांचा ग्रिल मात्र मीच टाकायला लावला. सहा वर्षांचा, बाहेरून चकचकीत. पेटी पातळ पत्र्याची. तळाला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. त्या भोकातून चरबी थेट गॅसच्या नळीवर गळत होती. तिथे दुरुस्तीचा हट्ट धरणं म्हणजे घराशी खेळ, तोही भिंतींना बाहेरून व्हायनिलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पट्ट्या लावलेल्या घराशी. तेव्हा मी सरसकट दुरुस्तीच्या बाजूची नाही.

मला मनापासून राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मी तीन दुकानांत सुटे भाग विचारले. तिन्हीकडे उत्तर तेच, इतक्या जुन्याचे भाग मिळत नाहीत, नवीन घ्या. मिळतात. ग्रिलच्या दारामागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर टाकून शोधले, जुन्या बर्नरची लांबी टेपने मोजून ताडून घेतली, आणि आठवड्यात घरी आले. पण कंपन्यांनी दर काही वर्षांनी बर्नरच्या नळीची लांबी थोडीशी बदलायची, म्हणजे मागचा भाग पुढच्याला बसू नये, हे मला अजिबात पटत नाही. जळगावात एकाच मापाचा बर्नर दहा घरांच्या स्टोव्हना बसायचा. दुरुस्तीवाला सायकलवर यायचा. इथे माणूस बोलवायचा तर त्याची मजुरीच एखाद्या स्वस्त नव्या ग्रिलच्या किमतीजवळ जाते, म्हणून हात आपल्यालाच काळे करावे लागतात.

मला तीन बर्नर, पट्ट्या, नवी नळी आणि रेग्युलेटर मिळून 138 डॉलर लागले. स्टेनलेस स्टील म्हणून विकलेल्या एका स्वस्त पट्टीला लोहचुंबक घट्ट चिकटला, ती परत केली. चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला तो सहसा चिकटत नाही. गंजलेले चार स्क्रू रात्रभर तेलात भिजवले, एक तरीही तुटला आणि ड्रिलने काढावा लागला. त्या एका स्क्रूने शनिवारची दुपार खाल्ली. नळी जोडल्यावर बटणं बंद ठेवून सिलिंडर उघडला आणि प्रत्येक सांध्यावर भांड्यांच्या साबणाचं पाणी लावलं. एका जागी बुडबुडे आले, आवळलं, परत लावलं. ही पायरी कोणीही गाळू नये. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर उडून जात नाही, खाली साचतो. पेटवताना झाकण उघडं ठेवायचं ते त्यामुळेच.

रविवारी सकाळी तिन्ही ज्योती निळ्या लागल्या. नवऱ्याने स्वतः दोन वांगी आणून ठेवली, तेल लावून, टोचून.

चाक अजून तुटकंच आहे, खाली वीट लावली आहे. इथे न्यू जर्सीत एडिसन गावाच्या आसपास कोणाचा ग्रिल असाच अडला असेल तर सॉकेट सेट आणि गंज सोडवणारं तेल माझ्याकडे आहे, खुशाल या. आधी पेटीच्या तळाचा फोटो पाठवा. आणि मॉडेलचा स्टिकर पुसला असेल तर जुना बर्नर बरोबर आणा, इथे बसून मोजू.