घासलेलं अलॉय अर्ध्या तासात नवं होत नाही

‘फुटपाथला घासलेलं अलॉय घरीच अर्ध्या तासात नवं करा. चाक काढू नका, ८० नंबरचा सँडपेपर मारा, खड्डे पुट्टीने भरा, वरून चंदेरी स्प्रे. क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) मारला नाही तरी चालतं, आणि कुठल्याही अलॉयला हेच करा.’ अलॉय म्हणजे गाडीच्या अॅल्युमिनियम मिश्रधातूच्या चाकाबद्दलचा हा सल्ला सगळीकडे फिरतोय. घरी हाताने दुरुस्ती होते, चांगलीही होते. पण या पद्धतीने मारलेला रंग थोड्याच धुण्यांत पापुद्रे धरून सुटतो.

‘कुठल्याही अलॉयला’ हे तर साफ चुकीचं आहे. चाक उजेडात तिरकं बघा. चकचकीत धातूवर तबकडीसारख्या बारीक गोल रेषा दिसल्या तर ते डायमंड कट आहे. त्या रेषा लेथवर, म्हणजे चाक फिरवून धातू कापणाऱ्या यंत्रावर, पडतात. हाताने घासलात की तेवढा पट्टा पुसला जातो आणि कुठल्याच चंदेरी रंगाने तो जुळत नाही. तडा गेलेल्या चाकाला तर पुट्टी लावूच नका. पुट्टी तडा जोडत नाही, फक्त झाकते, आणि झाकलेला तडा वेळेवर कुणाच्या नजरेस पडत नाही. वाकलेली कड गॅसवर तापवून ठोकणं तितकंच घातक, कारण उष्णता-प्रक्रियेने धातूला दिलेली ताकद त्या आचेने जाते. घरचं काम म्हणजे रंगवलेल्या चाकाच्या बाहेरच्या कडेवरचे साधारण १ मिलिमीटरपर्यंतचे ओरखडे, एवढंच.

चाक काढाच. नाहीतर स्प्रे ब्रेक डिस्कवर बसतो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, स्टँड लावा. टायरमधली हवा सोडली की कडेच्या फटीत पत्त्यांच्या कॅटमधले पत्ते एकावर एक चढवून खोचता येतात. टायर झाकायला यापेक्षा सोपं काही नाही.

पेपर मारण्याआधी काय करायचं, हे त्या सल्ल्यात नाहीच, आणि बहुतेक कामं तिथेच बिघडतात. टायर पॉलिशमधलं सिलिकॉन कडेवर बसलेलं असतं. ते तसंच ठेवून घासलं की ओरखड्यांत शिरतं आणि मग ताजा रंग तिथून मागे सरकून गोल गोल खळगे पडतात. शाम्पूने धुवा, ब्रेकची काळी धूळ काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा: एका फडक्याने ओलं, लगेच दुसऱ्याने कोरडं. घासून झाल्यावर हेच पुन्हा.

८० नंबरच्या खरखरीत पेपरच्या रेघा चंदेरी रंगातून हमखास वर दिसतात. उठलेले टोकदार कण बारीक कानशीने काढा, मग १८०, २४० आणि ४०० नंबर. घासायचं ते ओरखड्यापुरतं नाही. आजूबाजूचा जुना रंगही उतरता करत न्यायचा. डोळे मिटून नख फिरवा. अडकलं तर अजून घासायचंय. जुन्या पारदर्शक थराखाली अळीसारख्या पांढऱ्या रेषा पसरल्या असतील तर तो गंज आहे. घट्ट रंग लागेपर्यंत मागे घासत जा. लोखंडी तारेचा ब्रश मात्र नको, त्याचे कण अॅल्युमिनियममध्ये रुतून पुढे गंजतात.

पुट्टीत हार्डनर (ती घट्ट करणारं रसायन) साधारण २ टक्के, म्हणजे ५० ग्रॅमला १ ग्रॅम. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला तर तो वरच्या रंगात झिरपून डाग पडतात. पुट्टी घासलेल्या कोऱ्या धातूवर लावा, एचिंग प्रायमरवर (धातूला धरणाऱ्या आम्लयुक्त अस्तराच्या रंगावर) नाही. त्यातल्या आम्लामुळे ती तळाशी नीट वाळत नाही.

‘प्रायमर कशाला?’ कारण उघड्या अॅल्युमिनियमवर लगेच ऑक्साइडचा थर येतो आणि साधा रंग त्याला धरत नाही. पुट्टी भरली असेल तर धातू आणि पुट्टी दोन्हींवर चालणारा एपॉक्सी प्रायमर घ्या. २-३ पातळ हात, वाळल्यावर ६०० नंबरने ओलं घासणं. मग स्प्रेचा डबा २ मिनिटं हलवून २०-२५ सेंटिमीटरवरून रंगाचे ३ हात, मध्ये १० मिनिटं. पहिल्या हातातून प्रायमर दिसायलाच हवा. पहिल्याच फटक्यात झाकायला गेलात की ओघळ आलाच.

क्लिअर कोटशिवाय चंदेरी रंगातले धातूचे कण उघडे राहतात आणि काळवंडतात. २-३ हात मारा, पण दमट हवेत नको, पांढुरकी झाक येते. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळायचा दोन घटकांचा क्लिअर जास्त टिकाऊ असला तरी त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. साधा कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी, म्हणून घरी हार्डनरशिवायचा वन-केच बरा. त्याला निदान एक दिवस वाळू द्या.

चाक हबला (गाडीच्या ज्या भागावर ते बसतं त्याला) टेकतं ती जागा आणि नट बसतात त्या खोबणी आधीच झाका. तिथला रंग दाबाने चेपला की नट सैल पडतात. बसवताना गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यानुसार टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.